नुसता बताशा

बेहाला भागात हातपंपांचं पाणी तपासताना भेटलेल्या त्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. पाण्याच्या पेल्याआधी त्या हातावर बताशा ठेवत. "पाहुण्याला नुसतं पाणी देतात का, बाबा?" तान्ह्या नातीच्या पावडरच्या दुधासाठी त्या तेच पाणी निम्मं होईपर्यंत उकळत.

माझी परीक्षानळी गडद गुलाबी झाली. पाण्यातलं नायट्रेट उकळून जात नाही, उलट वाढतं आणि तान्ह्या बाळाला बाधतं, हे मी चाचरत सांगितलं. आजींनी पातेलं मोरीत उपडं केलं. मी घरातला पहिला पदवीधर. माझं म्हणणं इतक्या लगेच कुणी ऐकलं नव्हतं.

महिन्याने गेलो, तर घरात मी तपासून चांगल्या ठरवलेल्या लांबच्या नळाच्या पाण्याची कळशी झाकून ठेवलेली. आजींनी बताशा दिला. मी पेल्याची वाट पाहिली.

"आज नुसताच खा, बाबा. पाणी नातीचं आहे."