पदराचा गूळ

आज संकष्टी आहे. ताई सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे आणि गॅलरीत चंद्राची वाट बघते आहे. मी मात्र तिच्या हातांकडे बघतेय. ते अजिबात थरथरत नाहीत!

"आपल्या घराण्याला उपवास सोसत नाही," असं आत्या म्हणायची आणि पदराला गुळाचा खडा बांधून ठेवायची. ताईचंही तेच. उपाशी राहिली की हात थरथरायचे, घामाने निथळायची, भलतंच बोलायची. गूळ तोंडात गेला की ताळ्यावर यायची. "घरात आणखी कुणाला असं होतं?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आत्याचा गूळ आम्ही कौतुकाने सांगितला. ते हसले नाहीत. ताईच्या स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ निघाली, नको तेव्हा इन्सुलिन सोडून रक्तातली साखर उतरवणारी. अशी गाठ क्वचितच होते, पण काही घराण्यांत ती रक्तातूनच उतरते. नाकासारखी, आवाजासारखी. आणि आम्ही तिला नाजूकपणा म्हणत आलो!

गाठ काढली, त्यानंतरची ही पहिली संकष्टी.

चंद्र दिसला. माझ्या मुठीत घामेजलेला गुळाचा खडा होता. सवय, दुसरं काय. ताईने तो काढून घेतला आणि गणपतीपुढे ठेवला.

"हा आता त्याला," ती म्हणाली. "मला मोदक वाढ."