नर गेल्यानंतरची अंडी

माझा नवरा फ्रीज आणि कूलर दुरुस्त करायचा. जायच्या दोन वर्षं आधी त्याने पुण्यातल्या एका मित्राकडून काचेची मोठी पेटी आणली. तीत तीन हिरवे सरडे होते, ॲनोल जातीचे. वीतभर लांब, त्यात निम्मी शेपटीच. एक नर, दोन माद्या. नर गळ्याखालची गुलाबी पिशवी पंख्यासारखी उघडायचा आणि मान खालीवर करायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना हा प्रकार अजिबात पटला नाही.

"लोकं बकरी पायतात, कुत्रं पायतात. तू सरडे काऊन आणले रे बाप्पा?"

तो हसायचा. बादलीत अंड्यांचे रिकामे ट्रे ठेवून त्याने रातकिडे वाढवले होते. त्यांना गाजर घालायचा, मग त्यातले पाच-सहा पिशवीत घेऊन कॅल्शियमची पांढरी पूड लावून पेटीत सोडायचा. सरडे वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ मनीप्लांटवर फवारा. मी शाळेतून आले की तो मला पेटीपाशी बसवून हे सगळं सांगायचा. मी वह्या तपासत "हं, हं" करायची. त्यातलं किती डोक्यात राहिलं होतं, ते मला नंतर कळलं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी मेहकरला एका दुकानात फ्रीज उघडून बसला असताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तो अडतीस वर्षांचा होता. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. पाहुणे गेले आणि संध्याकाळी आत्यांनी मला हाक मारली. त्या पेटीसमोर उभ्या होत्या. नर तळाशी पडला होता, तपकिरी, वाळलेल्या शेंगेसारखा. माद्या जिवंत होत्या, पण त्यांची कातडी सुरकुतली होती.

"इतके दिवस कोनी पाणीच नाई देलं याईले," आत्या म्हणाल्या. "त्याचे होते ना हे."

त्यांनी नराला कागदावर घेतलं आणि परसात लिंबाखाली पुरलं. मी फवाऱ्याची बाटली भरून आणली. पानांवर पाणी मारलं तशा दोन्ही माद्या चाटत सुटल्या. आत्या मागून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून फवारा त्यांनीच मारायला सुरुवात केली.

तोवर आमच्या दोघींचं फारसं जमत नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. आमच्या दोघींत बोलणारा माणूस तोच होता. आता विषय निघाला तो किड्यांचा. रातकिडे संपत आले, बादलीला मुंग्या लागल्या, थोरली मादी आज खाईना. मी मोबाईलवर बघून सांगायची, त्या करायच्या.

सप्टेंबरच्या शेवटी त्या पेटीतली कुंडी साफ करत होत्या.

"काय वं हे? शेंगदाणा पडला का मातीत?"

ते अंडं होतं. पांढरं, मऊ सालीचं. मी मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओला नारळाचा भुसा भरला आणि अंडं जसं पडलं होतं तसंच, न फिरवता, त्यात ठेवलं. वरच्या बाजूला पेन्सिलीने बारीक ठिपका केला. अंडं उलटं झालं तर आतला जीव मरतो, हे त्याने सांगितलेलं नेमकं आठवलं.

आत्या विचारात पडल्या होत्या. "पण नर तं मेला. मंग हे कशाचं?"

"मादी त्याचं बीज पोटात जपून ठेवते आत्या. तो गेल्यावरबी कितीक महिने अंडे देऊ शकते."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "सरड्याले देलं, अन् माणसाले नाई."

मला ते लागलं. त्या मला म्हणाल्या नव्हत्या, हे कळत होतं, तरीही लागलं.

महिनाभरात पाच अंडी मिळाली. दोन पिचकली, त्यांना बुरशी आली. तिनांतून पिल्लं निघाली. पहिलं पिल्लू निघालं तेव्हा मी शाळेत होते. घरी आले तर आत्या दारातच उभ्या. "निघालं वं! माह्या नखाएवढं डोकं हाय त्याचं!" तो गेल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मोठ्या माद्या पिल्लांना खाऊ शकतात, म्हणून वेगळी लहान काचेची पेटी केली. रातकिडे त्यांच्या तोंडात मावत नव्हते. आत्यांनी बरणीत केळीची सालं सडवून चिलटं वाढवली. घरात सतत आंबूस वास यायचा. एक पिल्लू दोन दिवसांत गेलं. दोन जगली. आत्या त्यांच्यासमोर बसून जेवायच्या.

डिसेंबरात थंडी वाढली. एका रात्री पिल्लांच्या पेटीवरचा उबेचा बल्ब उडाला. सकाळी पिल्लं काळपट होऊन काडीला चिकटून होती. मला बुलढाण्याला प्रशिक्षणाला जायचं होतं, बस चुकत होती. जाता जाता म्हटलं, "आत्या, याईले ऊब पाहिजे. मी येताना बल्ब आणते." एवढंच. बंद काचेची पेटी उन्हात भट्टीसारखी तापते, हे सांगितलं नाही.

संध्याकाळी बल्ब घेऊन आले. लहान पेटी अंगणात होती, वर झाकण घट्ट. दोन्ही पिल्लं काचेला पाठ लावून मेलेली. आत्या पायरीवर बसल्या होत्या.

"कोवळं ऊन होतं वं. मले वाटलं, गारठले लेकरं. मी भाजी निवडत बसले..."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुमच्या हातात काहीच टिकत नाई."

त्यांनी वर पाहिलं. माझ्या बोलण्यात त्यांचा लेकही आला होता, हे मला त्या बघण्यातून समजलं. मागे घ्यायला तोंड उघडलं, पण त्या उठून आत गेल्या होत्या. रात्री त्यांनी स्वयंपाक केला, मला वाढलं, स्वतः जेवल्या नाहीत. मी बोलले नाही. मला वाटलं, उद्या बोलू.

चार दिवसांनी दुसरबीडहून नणंदेचा फोन आला, माय इकडे राहायला येते म्हणते. आत्यांनी दोन लुगडी आणि औषधांची पिशवी घेतली. निघताना मोठ्या पेटीवर फवारा मारला आणि बाटली जागेवर ठेवली.

मी फेब्रुवारीत दुसरबीडला गेले. नणंद पाण्याला गेली होती. आत्या ओसरीत तूर निवडत होत्या.

"आत्या, मी तवा लय वाईट बोलले. माहं चुकलं."

"तुहं काय चुकलं? उन्हात तं मीच ठेवलं."

"मी ते नाई म्हणून राह्यली."

"मले समजते तू काय म्हणून राह्यली." त्या सुपातून खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या. "जेवून जाय. भाकर टाकते."

मी जेवले. त्यांनी दुसऱ्यांदा वाढलं, शाळेचं विचारलं, छत गळते का विचारलं. सरड्यांचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की थोरली मादी जानेवारीतच गेली आणि धाकटी आता अंडी देत नाही.

बसची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "चला ना आत्या घरी."

"पाहू," त्या म्हणाल्या.

त्या आल्या नाहीत. मीही पुन्हा चला म्हटलं नाही.