चिठ्ठीत न आलेलं घर

माझी नात कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. मी चौथीपर्यंत शिकले. त्या विषयापायी गावात जे झालं ते मात्र मी समोर उभी राहून पाहिलं.

तिला प्रकल्प होता, गाव कोणता मासा जास्त खातं. सगळ्या घरांना विचारायचं नाही, थोडी निवडायची. ती कशी निवडली त्यालाच मार्क. पहिल्यांदा ती बाजारात माझ्या मासे विकायच्या पाटीजवळ बसली आणि येईल त्या बाईला विचारत राहिली. त्या दिवशी पाटीत नुसते बांगडे. सगळ्यांनी बांगडाच सांगितला. सरांनी काम परत केलं. हाताशी आली ती माणसं म्हणजे गाव नव्हे, म्हणाले.

तिचा बाप म्हणाला, "यंदा नापास झालंस तर कॉलेज बंद. कट्टा गावाक जाऊन मामाच्या दुकानात बस." मामाचं दुकान पत्र्यांचं आणि पाइपांचं. पोरीचं जेवण तुटलं.

मग तिने रस्त्याने चालत दर पाचवं घर धरलं. बरीचशी कुलपं निघाली, माणसं मुंबईला. कुलूप काय मासा खाणार? शेवटी नांदत्या घरांच्या चिठ्ठ्या केल्या, माझ्या तांदळाच्या डब्यात घातल्या आणि डोळे मिटून उचलल्या. सरांना हे पटलं. अट एकच, चिठ्ठीत न आलेलं घर मागाहून घुसवायचं नाही.

संध्याकाळी मानकरी दारात. पालखी असो की देवळातला नारळ, गावात पहिला मान त्यांच्या घराचा. त्या घराची चिठ्ठी मात्र निघाली नव्हती.

"आमका सोडून खालच्या वाडीक इचारतलंस? ह्या कोणी ठरयल्यान?"

"चिठयेन, आबा."

"चिठी खंय रवता? माका तिच्याशी बोलाचा आसा."

मी म्हटलं, "डब्यात रवता. बोला." तर ते माझ्यावरच भडकले आणि देवाला कौल लावायला निघाले. देवाने मानकऱ्यांच्या बाजूने कौल दिला तर त्यांचं घर घुसवावं लागणार आणि पोरगी पत्र्यांच्या दुकानात जाणार. ती रडत माझ्या मागून देवळात आली.

गुरवाने देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मानकरी खरे, डावी पडली तर चिठ्ठी खरी. एकही पडेना. कोणीतरी पंखा बंद केला, कोणीतरी परत लावला, त्यावरून दोघांची जुंपली. गुरव घड्याळ बघत म्हणाला, "देव इचार करता हा." माझ्या पाटीतले मासे घरी खराब होत होते.

तेवढ्यात पोरीने डोळे पुसले. "आबा, तुमचा घर चिठयेच्या पण आदी. प्रश्न बरो आसा काय नाय, तो पयलो तुमच्याकडे तपासूचो आसा. मगे बाकीचे."

"सगळ्यांच्या आदी?"

"सगळ्यांच्या आदी."

हे तिने बनवलेलं नव्हतं. निवडीबाहेरच्या माणसावर प्रश्न आधी चालवून बघावा, असं सरांनीच शिकवलं होतं. मानकरी घरी गेले, टोपी घालून ओटीवर बसले, नारळ पुढे ठेवून घेतला. तिने विचारलं, तुम्ही कोणता मासा जास्त खाता?

"खाऊक गावता तो सांगू, काय आवाडता तो सांगू? माका आवाडता सुरमय. सून घालता तारले."

आतून सुनेने भांडं आपटलं.

पोरीने प्रश्न बदलला: गेल्या आठवड्यात घरात कोणता मासा शिजला? मग चिठ्ठीतली घरं फिरली, एकही इकडचं तिकडे केलं नाही. ती पास झाली. मामाने दुकानात दुसरा माणूस ठेवला.

मानकरी आता लग्नामुंजीत सांगतात की, कॉलेजचाही पहिला मान आमच्याच घराचा. तपासणीचं उत्तर मोजायचं नसतं, म्हणून त्यांचं मोजलं नाही. हे त्यांना सांगायची हिंमत गावात कोणाला नाही. मलाही नाही.