सांगून बदललेली कूस

सकाळची पाळी करून आले आहे. बूट काढले आहेत, मोजे काढायचे राहिले आहेत. खिडकीचं शटर अर्ध्यावर ओढलंय, पण जर्मनीतलं जूनचं ऊन फटींमधून खोलीत शिरतंच आहे. मी थोडा वेळ नुसती पडणार आहे, झोपणार नाही. उद्या सकाळी परीक्षा आहे, आणि परीक्षेच्या आदल्या दुपारी झोपणाऱ्या मुलींबद्दल माझं मत कॉलेजपासून काही चांगलं नाही.

अंग जड होतं. पायाशी गादी किंचित दबते, कुणी बसल्यावर दबते तशी.

"सरक की जरा," पद्मा म्हणते.

मी सरकते. पद्मजा मगदूम, कुरुंदवाडची, सांगलीला फिजिओथेरपीच्या कॉलेजात माझी रूममेट. दोन वर्षांपूर्वी ती गेली. हे मला झोपेतही माहीत आहे आणि त्याचं विशेष आश्चर्य वाटत नाही. पलंग एकेरी आहे, त्यामुळे सरकावं लागतंच.

"म्हातारी दिसायलीस, साळुंखे."

"अडतीस झाले."

"मी आपला छत्तीसवरच थांबलो."

आमच्या भागातल्या बऱ्याच मुलींसारखी ती स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलते. मेल्यावरही तिने ते बदललेलं नाही, हे पाहून मला बरं वाटतं.

तिच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. फिजिओथेरपी पुस्तकातून येत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर शिकावी लागते. म्हणून कॉलेजात मुली एकमेकींच्या अंगावर शिकतात. एकीने झोपायचं, दुसरीने करायचं. जी झोपते तिला मॉडेल म्हणतात. पद्माला उभं राहण्याचा मुळात कंटाळा, त्यामुळे आमच्या जोडीत मॉडेल कायम तीच. खांदा कुठवर फिरतो, मणके बोटांनी कसे मोजायचे, गुडघ्याची वाटी कशी हलते, हे सगळं माझ्या हातांनी तिच्याकडून घेतलं. तिच्या पोटरीवर मी निळ्या पेनाने स्नायू काढायचे आणि ती तशीच मेसमध्ये जेवायला जायची. पुढे शेकडो पेशंट झाले, पण हात प्रत्येक गुडघा तिच्या गुडघ्याशी ताडून बघायचा. ती गेल्यापासून मला तिच्या बोलण्याची आठवण येते, पण खरं सांगायचं तर तिच्या अंगाची जास्त येते. हे कुणाला सांगण्याची सोय नाही, लोक भलताच अर्थ काढतात.

"उद्या कसली परीक्षा?" पद्मा विचारते. ती माझ्या मोज्याचं भोक बघते आहे.

"तीच. आपली."

"आपण पास झालो की. मी सेकंड क्लास, तू फर्स्ट."

"इथे ते चालत नाही. परत द्यावी लागते."

"वेडे आहेत काय हे?"

वेडे नाहीत, नीटनेटके आहेत. माझी पदवी त्यांनी भाषांतर करून घेतली, शिक्के बघितले, विषय जुळवले आणि काही विषय कमी भरतात म्हणून कळवलं. मग त्यांची परीक्षा. ती होईपर्यंत मी वृद्धाश्रमात मदतनीस आहे. म्हाताऱ्यांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. त्यांचे गुडघे मला धुवायची परवानगी आहे, वाकवायची नाही. सांगलीत मी स्वतःचा दवाखाना चालवत होते आणि तो विकून इथे आले. मागच्या वर्षी परीक्षा दिली, नापास झाले. उद्या दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. मला माझं काम परत हवं आहे.

"नापास? तू?" पद्माला हसू आवरत नाही. "कशात?"

आम्ही परीक्षेच्या खोलीत आहोत. म्हणजे आमच्या हॉस्टेलची मेसच आहे. स्टीलची ताटं मांडलेली आहेत, भिंतीवर शाकाहारी-मांसाहारी रांगांचा फळा आहे, पण मधोमध प्लिंथ आहे, पेशंटला झोपवायचं ते उंच बाकडं, त्यावर कागदाचा रोल पसरलेला. पलीकडे माझ्या परीक्षक लिंडनरबाई. आखूड केस, गळ्यात दोरीला चष्मा. प्लिंथवर ऑस्टरकाम्प आजोबा, खुब्याचा सांधा बदललेले. मागच्या वर्षीचं सगळं जसंच्या तसं आहे, फक्त आमटीचा वास जादा आहे.

मी त्यांचा पाय उचलते. टाचेखाली एक हात, गुडघ्याखाली एक. उत्तम पकड आहे, पद्माच्या पायावर घोटून घोटून बसलेली.

"थांबा," लिंडनरबाई म्हणतात. "तुम्ही त्यांचा पाय उचललात."

"हो. किती वाकतो ते बघायला."

"त्यांना विचारलंत?"

आजोबा छताकडे बघतात. भांडणात पडू इच्छिणारा माणूस दिसत नाही.

"तुमचा हात फार चांगला आहे," बाई म्हणतात, आणि ते त्यांना खरंच वाटतं आहे. "पण पाय त्यांचा आहे."

वर्ष झालं, मी या वाक्याशी मनात भांडते आहे. आमच्याकडे पेशंट येतो तोच म्हणत येतो, करा मॅडम काय करायचं ते. सांगलीत मी विचारलं असतं, 'काका, पाय उचलू का?' तर काकांनी काकूंकडे बघितलं असतं आणि काकू म्हणाल्या असत्या, आपण दुसरीकडे दाखवू या. विचारणारीला काही येत नाही, असा तिथला हिशेब. गेलं वर्षभर मी विचारण्याची जर्मन वाक्यं पाठ करते आहे. तोंड म्हणतं, पण हात आधीच जाऊन पोचलेला असतो.

"सूर्य बुडला का?" पद्मा मधेच विचारते. ती मेसच्या बाकावर ताट घेऊन बसली आहे. जैनांच्या घरची, सूर्यास्तानंतर जेवत नाही. हॉस्टेलमध्ये ती दिवसाउजेडी जेवून घ्यायची आणि रात्री अभ्यासाला बसली की पोटातून आवाज यायचे.

"इथे उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत बुडत नाही."

"काय सांगतेस? साडेनऊपर्यंत जेवता येतं?"

"येतं. पण आश्रमातले म्हातारे साडेपाचलाच जेवून घेतात."

"मग आमच्यातलेच की," ती म्हणते आणि समाधानाने भाकरी मोडते.

लिंडनरबाई नाहीत. ऑस्टरकाम्प आजोबाही नाहीत, कागदावर त्यांच्या टाचांचे खळगे राहिले आहेत. पद्मा ताट सरकवते, हात धुते, पंजाबी ड्रेसला पुसते आणि प्लिंथवर चढून उताणी पडते. अगदी पूर्वीसारखी, एक पाय दुसऱ्यावर टाकून.

"हं. कर सुरू. झोप लागली तर उठवू नकोस."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवते. माझ्या स्वतःच्या गुडघ्यापेक्षा हा मला जास्त ओळखीचा. वाटीच्या बाहेरच्या बाजूला लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण आहे, ती बोटाला लागते. मला एकदम घरी आल्यासारखं होतं.

"विचारलंस?" पद्मा म्हणते.

"तुला काय विचारायचं?"

"मग काय ताटाला विचारणार?"

"गुडघ्याला हात लावू का?" मी म्हणते, आणि म्हणता म्हणता लावते.

"विचारलंस. पण मी कुठे काय बोललो अजून?"

मी हात काढून घेते. पुन्हा विचारते. पुन्हा हात अर्ध्यात जाऊन लोंबकळतो. ती हसते, मलाही हसू येतं. परीक्षा उद्या आहे आणि आम्ही दोघी हसतो आहोत. मग मी घसा साफ करते आणि परीक्षेत सगळ्यात आधी विचारायचा असतो तो प्रश्न विचारते. आमच्याकडे हाही कुणी विचारत नाही.

"तुम्हाला काय करता यायला हवं आहे?"

पद्मा हसायची थांबते. पायावरचा पाय खाली घेते.

"कूस बदलायची आहे," ती म्हणते.

छत खाली आलं आहे. पांढऱ्या चौकोनी फरशा, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग, दिवा दिवसाही चालू. ही खोली मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तिच्या नवऱ्याने, अभिनंदनने, फोनवर दाखवली होती, मी तेव्हा इथे जर्मनीत होते. पद्माच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. डोळे अर्धवट उघडे, तोंडात नळी, आणि तो मला म्हणत होता, काही बोला ना, तिला ऐकू जाईल. मी काही काही बोलले होते, मोसंबी महाग झाल्याचंसुद्धा.

"तेव्हा ऐकू यायचं तुला?" मी विचारते.

"तुझं ते मोसंबीचं की कसलं बोलणं ऐकलं. काय बोलायलीस तुझं तुला कळत नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. माणसं चांगली होती. पाठीला जखम होऊ नये म्हणून वळवायची. दोघं यायची, एक दोन तीन म्हणायची. पण ते आपसात. मला कुणी सांगायचं नाही. हिला काय कळतंय, असं. मी बघत असायचो छत, आणि एकदम छत जायचं आणि भिंत यायची. दर वेळी वाटायचं, पडलो."

ती हे तक्रार म्हणून सांगत नाही. मेसमध्ये आज वांगं होतं, असं सांगावं तसं सांगते.

"आपण पण तसंच करत होतो की," ती पुढे म्हणते. "वॉर्डात. तू डोक्याशी, मी पायाशी."

  मी प्लिंथच्या डाव्या बाजूला जाते. हात मागे घेऊन एकमेकांत अडकवते, कारण त्यांचा भरवसा नाही. मग माझं नाव सांगते. पुढचं मी जर्मनमध्ये बोलते, आणि पद्माला जर्मन येत नाही, पण ती नीट ऐकते.

"मी आता तुम्हाला माझ्या बाजूला, डाव्या कुशीवर वळवणार आहे. चालेल?"

ती छताकडे बघते. मी थांबते. थांबणं फार जड जातं मला. शाळेत उत्तर येत असून हात वर न करता बसावं, तसं काहीसं. वाटतं, तिने ऐकलं नसेल, पुन्हा विचारावं, निदान उशी तरी सारखी करावी. यातलं काहीही मी करत नाही. मेसमधली ताटं कुणी तरी गोळा करतं आहे, ती एकमेकांत बसल्याचा आवाज येतो आणि मग तोही थांबतो.

"चालेल," पद्मा म्हणते.

"उजवा गुडघा वाकवून देऊ?"

"हं."

"एक हात खांद्यावर ठेवते, एक खुब्यावर. तयार झालीस की सांग."

ती श्वास घेते. मला तिच्या बरगड्या वर जाताना दिसतात.

"झालो," ती म्हणते.

ती वळते. तिचं वजन मला ठाऊक आहे, तेवढंच आहे. खांदा आधी येतो, मग कंबर, मग गुडघा खाली टेकतो, आणि तिचा चेहरा माझ्या समोर असतो. फार जवळ. उजव्या भुवईतला तीळ सुद्धा दिसतो आहे.

"भिंत आली?" मी विचारते.

"नाही," ती म्हणते. "छत गेलं आणि तू आलीस."

 मी उशी जवळ ओढते.

"पाठीला आधार लावू?"

"लाव."

"गुडघ्यांच्या मध्ये काही देऊ?"

"साळुंखे, विचारतेस काय, दे की."

"विचारावं लागतं."

"बरं बाई. दे."

मी तिच्या पाठीला उशी लावते, गुडघ्यांच्या मध्ये पांघरुणाची घडी घालून देते. वरचा हात मोकळा आहे का बघते. ती डोळे मिटते. मॉडेल होताना ती नेहमी अशीच झोपून जायची आणि मी एकटीच पुढचं करत बसायचे.

"पद्मा, पास होईन का मी?"

"मला काय विचारतेस," ती झोपेतच म्हणते. "बाईंना विचार."

मी जागी होते ती जमिनीवर. पलंगाच्या कडेला डोकं टेकलेलं, मान आखडलेली, एका पायातला मोजा निघालेला. खाली रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटी वाजवतं. ऊन अजून आहे, भिंतीवर नुसतं सरकलं आहे.

मग मी पलंगाकडे बघते.

इथली ती भलीमोठी चौकोनी उशी डोक्याच्या जागी आहे, मधोमध दबलेली. खुर्चीवरची गादी पलंगावर आली आहे आणि पाठीच्या जागी उभी लावलेली आहे. पांघरूण तिहेरी घडी करून गुडघ्यांच्या जागी ठेवलं आहे. मधे एका माणसाएवढी जागा रिकामी आहे. हे मीच केलं असणार, दुसरं कोण आहे इथे. कधी उठले आणि खुर्चीपर्यंत कधी गेले, ते मला आठवत नाही.

मी उठून उभी राहते आणि परीक्षकासारखी तपासते. पाठीचा आधार खांद्यापासून कमरेपर्यंत नीट बसला आहे. घडीची जाडी बरोबर आहे, वरचा पाय खाली लोंबणार नाही. उशी मानेला भरून आहे. हात मागच्या वर्षीही असाच चालायचा, पण या वेळी प्रत्येक गोष्ट विचारून केली आहे. मला रडू येतं आणि मी ते येऊ देते, ते काही फार वेळ चालत नाही.

रात्री नीट झोपायला हवं, त्यासाठी पलंग आवरायला हवा. मी उशीकडे हात नेते आणि मग तो मागे घेते.

"पद्मा," मी म्हणते, "उशी घेऊ का?"

आणि हात मागे धरून उभी राहते.