एकशे अठरा नंबरची बॅग

कुठलीही बॅग हातात आली की टोकनकाका ती एकदाच उचलून खाली ठेवायचे आणि वजन सांगायचे. ते म्हणाले साडेआठ, तर काटाही मुकाट्याने साडेआठवर जाऊन थांबायचा. बसस्थानकाच्या क्लोकरूममध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. प्रवाशाची बॅग खिडकीतून घ्यायची, जोडीच्या दोन पितळी टोकनांपैकी एक बॅगेला बांधायचं आणि दुसरं मालकाच्या हातात द्यायचं. टोकन दाखवलं तरच बॅग परत. एकदा त्यांनी खुद्द आगारप्रमुखांची छत्री अडवून धरली होती आणि साहेब भिजत घरी गेले होते. पुढे कॉम्प्युटरच्या चिठ्ठ्या आल्या आणि टोकनं भंगारात निघाली. निवृत्तीच्या दिवशी काय हवं असं विचारलं, तेव्हा काकांनी तो टोकनांचा डबाच मागून घेतला. लोक निवृत्त होऊन घड्याळ आणतात, आमच्याकडे पितळ आलं, असं काकू अजून ऐकवतात.

ते नदीकाठच्या खालच्या गल्लीत राहायचे. दोन वर्षांपूर्वी तिथे पाणी शिरलं होतं. त्यानंतर नगरपालिकेच्या एक बाई आल्या आणि घराघरात एक बॅग कायम भरलेली असावी, कागदपत्रं, औषधं, टॉर्च, पाणी, एक जोडी कपडे, असं तासभर समजावून गेल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि विषय तिथेच संपला. काकांच्या डोक्यातून मात्र तो जाईना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा सांभाळलेल्या माणसाला रिकाम्या बसण्यापेक्षा हे बरं वाटलं असेल, पण खरं कारण वेगळं होतं. ते कारण गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, नदीला अगदी लागून, तळमजल्यावर राहत होतं आणि त्याला ते ताई म्हणायचे.

ताई काकांहून आठ वर्षांनी मोठी. तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य घालवलं होतं, आणि शहरात काहीही होवो, आपण बोर्ड सोडून उठलो नाही याचा तिला भारी अभिमान. मागच्या वेळी पाणी आलं तेव्हाही ती उठली नाही. पाणी येईल तसं जाईल, म्हणून पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिली. शेवटी अग्निशामक दलाच्या चार जणांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं, आणि गच्च्यांवरून सगळी गल्ली बघत होती. माझी वरात काढली, असं ती त्या दिवसापासून म्हणत होती. आता कुणाच्या बापाच्याने मी घर सोडणार नाही, हेही तिने जाहीर केलं होतं. पुढच्या वेळी ते चौघं वेळेवर पोचले नाहीत तर काय, हा विचार काकांची पाठ सोडत नव्हता. ताईने स्वतःच्या पायांनी निघायला हवं होतं, आणि तिला कसं काढायचं हे त्यांना कळत नव्हतं.

आधी त्यांनी गल्लीला कामाला लावलं. समोरच्या शिवणवालीने जुन्या ताडपत्रीच्या पाठीवरच्या बॅगा शिवून दिल्या. सगळ्या बॅगा काकांच्या इमारतीच्या जिन्याखाली, फळ्यांवर, टोकन बांधून, जोडीचं टोकन ज्याच्या त्याच्या घरी. जिना उतरताना एक हात मोकळा राहिला पाहिजे आणि बॅग सहा किलोच्या वर जाता कामा नये, एवढा एकच नियम. तोही कुणी पाळेना. गल्लीतल्या टॅक्सीवाल्याची बॅग अकरा भरली, कारण त्याने कॅरमस्पर्धेत जिंकलेले दोन करंडक आत घातले होते. शिवणवालीने स्वतःच्या बॅगेत लोखंडी कात्री टाकली होती आणि ती काढायला तयार नव्हती. कात्रीशिवाय मी कोण, असं तिने विचारल्यावर काकांनी तिचा जास्तीचा टॉवेल तेवढा काढून ठेवला.

ताईसाठी पहिली बॅग त्यांनी स्वतः भरली. महिन्याने बघायला गेले, तर बिस्किटं मऊ पडतील म्हणून तिने खाऊन टाकली होती, टॉर्चमधले सेल रेडिओत गेले होते, शिट्टी मांजराला हाकलायला दाराशी टांगलेली होती आणि बॅगेत बटाटे. बॅग छान आहे, हवा खेळते, असं तिने वर प्रमाणपत्रही दिलं. दुसऱ्या बॅगेला काकांनी कुलूप लावलं. ती दोन दिवसांनी टॅक्सीवाल्याच्या हाती परत आली, वर चिठ्ठी होती, "विसरलेलं सामान. मालकाने घेऊन जावं." समजावून झालं, रागावून झालं, काकूंनी डोळ्यांत पाणी आणून झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग एक दिवस काका जिन्याखाली फळ्या पुसत बसले होते आणि त्यांना क्लोकरूममधली बेवारस सामानाची मांडणी आठवली. तेहतीस वर्षांत तिथे काय काय येऊन पडलं होतं. छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर नवी कोरी शिलाई मशीन. माणसं स्वतःचं काहीही विसरायची. पण "जरा दोन मिनिटं बघाल का हो" म्हणून कुणी दुसऱ्याच्या हवाली केलेली बॅग त्या मांडणीवर कधी आली नव्हती. त्यांनी स्वतः पाहिलं होतं, अनोळखी माणसाची पेटी राखत बसलेल्या एका बाईच्या दोन बस सुटल्या, ती त्या माणसाला शिव्या घालत होती, पण पेटीवरचा हात तिने काढला नव्हता. आणि ताई तर लहानपणी मैत्रिणीचं दप्तर धरून शाळेच्या फाटकाशी संध्याकाळपर्यंत उभी राहिली होती. मैत्रीण केव्हाच मागच्या दाराने घरी गेलेली.

दुसऱ्या दिवशी काका एक बॅग घेऊन ताईकडे गेले. आपल्या घरी माळ्याला वाळवी लागली आहे, काकू सगळं उचकटत आहेत, तेव्हा माझी बॅग जरा तुझ्याकडे राहू दे, असं त्यांनी तोंड पाडून सांगितलं. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"माझी नाही ना?" ताईने विचारलं.

"तुझी कशाला? माझी आहे. एकशे अठरा नंबर. हे टोकन बॅगेला, हे माझ्याकडे."

ताईने चष्मा लावून दोन्ही टोकनांवरचे आकडे ताडून पाहिले. मग तिने तुमच्या क्लोकरूमचे नियम काय ते विचारलं. काकांनी सांगितलं, टोकन नाही तर बॅग नाही, सख्खा भाऊ असला तरी. ताईने मान हलवली आणि बॅग कपाटात ठेवली. आत सगळं तिचंच होतं. तिच्या नंबरचा जुना चष्मा, गुडघ्याचा पट्टा, स्वेटर, पाच नंबरच्या चपला, औषधांच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या पेन्शनची कागदपत्रं. घरी परतताना काका इतके खुशीत होते, की रस्त्यात भेटलेल्या टॅक्सीवाल्याच्या करंडकांनाही त्यांनी माफी देऊन टाकली.

त्यानंतर काका दर महिन्याला टोकन दाखवून बॅग बघायला मागायचे. हातात धरून वजन घ्यायचे. पाच किलो दोनशे. ताईने हात लावलेला नाही, या समाधानात चहा पिऊन परत यायचे. एकदा त्यांना वजन पाच किलो सहाशेच्या आसपास वाटलं. वय झालं, मनगट खोटं बोलायला लागलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली.

पाणी आलं ते लख्ख उन्हाच्या दिवशी. वरच्या भागात पाऊस झाला होता आणि धरणाचे दरवाजे उघडणार होते. सकाळी अकराला भोंग्याची गाडी फिरली. खालच्या गल्ल्या दोन तासांत रिकाम्या करा, टेकडीवरच्या शाळेत सोय आहे, चौकात बस उभ्या आहेत. लोक जिन्याखाली धावले, आणि तिथे टोकनकाका हात पुढे करून उभे.

"टोकन?"

एवढ्या गर्दीत, एवढ्या घाईत, खरंच त्यांनी टोकन मागितलं. तेहतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेली. टॅक्सीवाल्याने कपाळावर हात मारला. शिवणवालीने सगळे खिसे उलटे केले. मागून काकू म्हणाल्या, "अहो, पाणी टोकन बघून येणार आहे का?" तेव्हा काका भानावर आले आणि बॅगा भराभर वाटू लागले. पण पंचवीस घरं, म्हातारी माणसं, कुणाच्या बॅगेचा पट्टा तुटलेला, यात तास कसा गेला कळलं नाही. अखेर त्यांनी उरलेल्या बॅगा काकूंच्या ताब्यात दिल्या आणि ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे पळत सुटले. तिथे गटारातून पाणी वर येऊन घोट्यापर्यंत चढलं होतं.

ताईच्या दाराला कुलूप होतं. काकांनी तरी दार बडवलं, खिडकीतून हाका मारल्या, पलंग रिकामा दिसला तरी पुन्हा मारल्या. आजूबाजूला विचारायला कुणी उरलं नव्हतं. ओल्या चपला फटफटवत ते चौकात आले आणि शेवटच्या बसमध्ये चढले. काकू आधीच आत बसल्या होत्या. 

शाळेच्या व्हरांड्यात शिरताच समोरच्या बाकावर ताई दिसली. ताठ बसलेली, मांडीवर एकशे अठरा नंबरची बॅग, तिच्याभोवती दोन्ही हात. काकांचा जीव भांड्यात पडला. आलेल्यांची नोंद घेणारी मुलगी म्हणाली, आजी पहिल्या बसने आल्या, एकट्या चालत, आणि बॅग कुणाला धरूही देत नाहीत.

काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बॅगेला हात घालू लागले. ताईने बॅग मागे ओढली.

"टोकन?"

काकांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे. टोकन घरी खिळ्याला होतं. मागे टॅक्सीवाला हसायला लागला, शिवणवाली हसायला लागली, सकाळचा सगळा हिशोब चुकता झाल्यासारखा व्हरांडा हसला. काकाही हसले, आणि हसता हसता त्यांना हुंदका आला.

"ताई, अगं त्यात सगळं तुझंच आहे."

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी उघडली होती. पाच नंबरच्या चपला तू कधीपासून घालायला लागलास?"

"मग आलीस कशी?"

"तू माझ्याकडे सांभाळायला दिली होतीस ना? पाण्यात कशी टाकणार?"

काका तिच्या शेजारी बाकावर बसले. त्यांच्या पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. तेवढ्यात नोंद घेणाऱ्या मुलीच्या फोनवर बातमी आली, नदीला लागून असलेल्या घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी चढलंय. ताईने ती ऐकली आणि बॅगेची चेन उघडली. स्वेटर बाजूला केला, चपला बाजूला केल्या. तळाशी एक वेगळी पिशवी होती, काकांनी कधीच न ठेवलेली. त्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, त्यांच्या नंबरचा चष्मा होता आणि लोकरी मोज्यांची जोडी. लहानपणी पाय भिजले की ते रात्रभर कण्हायचे, हे जगात आता फक्त तिलाच माहीत होतं.

सगळ्या गल्लीच्या बॅगा भरणाऱ्या माणसाने स्वतःची भरलीच नव्हती.

"चारशे ग्रॅम," काका पुटपुटले. "मला वाटलं मनगट गेलं."

"मनगट ठीक आहे तुझं," ताई म्हणाली. "पाय पूस आधी, मोजे घाल. बॅग टोकन आणलंस की मिळेल."