काही चुकलं असेल तर जरूर कळवा

मासवडी चहाबरोबर फार छान लागते, असं मी एकदा भिंगारच्या केबलवर सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर मान जराशी तिरकी करून, बशीत चार वड्या मांडून आणि शेजारी वाफाळता कप ठेवून ते दाखवलंही. आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना यात काय बिघडलं ते कळायचं नाही. मासवडी म्हणजे शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, त्यावर तीळ-खोबऱ्याचं तिखट सारण पसरायचं, गुंडाळी करून तिला माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या पाडायच्या. मग झणझणीत रश्श्यात बुडवून, बाजरीच्या भाकरीबरोबर, नाक पुसत पुसत खायची. तिला चहाच्या बशीत बसवणं म्हणजे नवरदेवाला हळदीच्या अंगाने ऑफिसात पाठवण्यासारखं.

पण ही धाकटी चूक. थोरली पुढेच आहे. कार्यक्रमाच्या शेवटी मी हात जोडले आणि म्हणाले, "काही चुकलं असेल तर जरूर कळवा." वर घराचा पत्ताही सांगितला: बाजारातून क्वार्टर्सकडे वळलं की पाण्याच्या टाकीसमोर.

माझं माहेर पुण्याचं. तिकडे हे वाक्य सगळेच म्हणायचे. जेवणावळीत यजमान म्हणायचा, भाषण संपवताना वक्ता म्हणायचा. त्यावर समोरच्याने "छे छे, उत्तम झालं" म्हणायचं आणि घरी जायचं, अशी रीत. भिंगारने ते वाक्य खरं धरलं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या केबलवाल्याचं आधी व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. मग त्याने गच्चीवर डिशची छत्री बसवली आणि घरोघरी काळी वायर ओढली. आमची वायर शेजारच्या शेवग्यावरून यायची, शेंगा काढताना कुणी जोरात फांदी ओढली की आमच्याकडे बातम्या बंद. या सगळ्यात त्याने एक चॅनेल स्वतःसाठी ठेवलं होतं. त्यावर कुणाचं लग्न, कुणाच्या बाळाचं बारसं, हरवलेली शेळी आणि उरलेल्या वेळात सिनेमे. गुरुवारची दुपार रिकामी राहायची. माझ्याकडे पाककलेच्या वर्गाचं सर्टिफिकेट आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं, बहुतेक मीच.

दुकानामागच्या खोलीत एक टेबल, एक गॅसची शेगडी, लग्नाच्या शूटिंगचे दोन रणरणते दिवे आणि माझी खुर्ची. कार्यक्रमासाठी मी दोन साड्या घेतल्या आणि आरशासमोर "मैत्रिणींनोऽ" म्हणायचा सराव केला. आमचे यजमान आंघोळीला गेले की करायचा, म्हणजे ते हसायचे नाहीत. ते आतून हसायचे, ते मला नंतर कळलं. टीव्हीतल्या माणसाने बोलायचं आणि बाहेरच्याने ऐकायचं, एवढंच माझं या माध्यमाबद्दलचं ज्ञान. बघणाऱ्यांना तोंड असतं हे माझ्या गावीही नव्हतं.

मासवडी दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात एक ठसठशीत बाई, काखेत फडक्यात बांधलेला डबा.

"तुमीच का त्या चहावाल्या?"

ती मूळची काष्टीची, राहायला बाजारामागच्या गल्लीत. आख्ख्या गल्लीत तिला काष्टीकरीण म्हणत. ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली, पातेलं शोधलं, रस्सा गरम केला आणि मला पाटावर बसवून खायला घातलं. मी ठसक्याने लाल झाले, तशी तिला समाधान वाटलं. "आत्ता कशी मासवडी खाल्ल्यावानी दिसताय," ती म्हणाली.

संध्याकाळी शाळेतून परस्पर एक मास्तरीणबाई आल्या. पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. "ताई, कार्यक्रम चांगला होता, बोलणं स्पष्ट आहे तुमचं. फक्त तो चहा..." एवढं म्हणून त्यांना असं हसू फुटलं की त्या उंबऱ्यातच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीही डबा आणला. मग आणखी कोणाकोणाचे आले. प्रत्येक डबा निराळा, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच: खरी मासवडी ही.

हल्ली माझी नात मोबाईलवर व्हिडिओ टाकते आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून रुसून बसते. तिला म्हणते, बयो, तुझ्या कॉमेंट निदान मोबाईलच्या आत तरी राहतात. माझ्या दारात चपला काढून आत यायच्या आणि वर पाणी मागायच्या.

यजमान मात्र खूष. दोन्ही वेळा मासवडी खायची आणि म्हणायचं, "पुढच्या खेपेला पुरणपोळी चुकव."

मला हसू येत नव्हतं. कारण केबलवाले भाऊ येऊन गेले होते. "वहिनी, राग मानू नका. दुकानात फोनवर फोन येतायत. बायका म्हणतात, आम्हालाच दाखवू द्या. तर पुढच्या गुरुवारपासून त्यांच्याच हवाली करावं म्हणतो. तुम्ही येत जा की अधूनमधून."

अधूनमधून! भिंगारात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण मी होते कोण, तर अमक्या साहेबांच्या मिसेस. त्या खुर्चीत बसायला लागल्यावर पहिल्यांदा भाजीवालीने "तुमी टीव्हीतल्या का?" असं विचारून कोथिंबिरीची जुडी फुकट दिली होती. ती खुर्ची आता जाणार होती.

मी एक गुरुवार मागून घेतला आणि डाव रचला. काष्टीकरणीला आणि मास्तरीणबाईंना दोघींनाही बोलवायचं. टेप करून दाखवायचं नाही, कॅमेरा थेट जोडायचा. त्या दिव्यांखाली दोघींची बोबडी वळेल, मग मी मैत्रिणींनोऽ म्हणत पुढे सरसावेन आणि सगळ्या भिंगारला कळेल की हे येरागबाळ्याचं काम नव्हे. इतकी अक्कल मला कुठून आली होती कुणास ठाऊक.

दिवे लागले. काष्टीकरणीने पदर सारखा केला आणि कॅमेऱ्यात डोळे घालून विचारलं, "शेजारनीला दिसतंय का वो ह्ये?" भाऊ म्हणाले, "दिसतंय." "मग तिला सांगा, माझी परात हाय तिच्याकडं." एवढं बोलून तिने थापायला सुरुवातही केली. बोबडी वळली होती, पण ती माझी.

सारणाची वेळ आली तशी ती म्हणाली, "खोबरं. खोबऱ्याबिगर मासवडी न्हाई."

"आमच्याकडे होती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खोबरं कुठलं परवडायला? आई जवस भाजून कुटायची. लसूण, मिरची, मीठ."

"मग तिला मासवडी न्हाई म्हनत."

"मग काय म्हणतात?"

"वडी म्हना. बेसनाची वडी."

डबा उघडता उघडता मास्तरीणबाईंचा हात थांबला. हीच माझी संधी. "असो मैत्रिणींनो, आता आपण वळू या" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण मला राहवेना. मला ते जवसाचं खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जवसाने सारण चिकट नाही का होत हो?" मी विचारलं.

मास्तरीणबाईंनी कॅमेऱ्याकडची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "जास्त कुटलं तर होतं. आई अर्धवट कुटायची. दाताखाली आला पाहिजे म्हणायची."

"आणि माशाचा आकार कोण द्यायचं?"

"आम्ही पोरं. पण आमच्यात मासा नीट पाहिलेला कुणीच नव्हता. धाकटीने एकदा त्याला चार पाय काढले होते. आई म्हणाली, असू दे, पळेल तरी."

"पाय?" काष्टीकरीण ओरडली. "माश्याला?" आणि ती अशी हसत सुटली की परातीतलं बेसन हललं. मास्तरीणबाईही हसल्या. मग काष्टीकरणीने त्यांच्या डब्यातली एक वडी उचलली आणि तोंडात टाकली. भाऊंनी कॅमेरा तिच्या गालांजवळ नेला. ती सगळ्या भिंगारसमोर सावकाश चावत होती.

"खोबरं आस्तं ना..." तिने सुरुवात केली. मग थांबली, आणि दुसरी वडी उचलली.

मी पुढे विचारतच राहिले. तुमच्याकडे कधी करतात, रस्सा आधी की वडी आधी, मासाच का, दुसरा आकार का नाही. शेवटचं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी दोघी त्यावर तावातावाने बोलल्या. भाऊ मनगटावरचं घड्याळ दाखवत होते, सिनेमाची वेळ टळून गेली होती. मला ना कॅमेऱ्याची आठवण राहिली, ना साडीची, ना शेवटच्या नमस्काराची.

दिवे विझले तेव्हा मी भानावर आले. एकही पदार्थ केला नव्हता. एकदाही मैत्रिणींनो म्हटलं नव्हतं. खुर्चीत तर बसलेच नव्हते, टेबलावर कोपरं टेकून उभी होते, दळण घेऊन गिरणीत आलेल्या बाईसारखी. पुढच्या दुकानात फोन वाजायला लागला आणि भाऊ तिकडे धावले. गेली खुर्ची, मी मनात म्हटलं, आणि बेसनाने माखलेलं फडकं उगीचच घड्या घालत राहिले.

काष्टीकरीण डबा बांधत होती. गाठ मारता मारता तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, सैपाक काय तुमाला जमायचा न्हाई, त्ये ऱ्हाऊ द्या. पर तुमी इचारता लई ग्वाड. फुडल्या गुरवारी हितंच ऱ्हावा. मी सासूला घिऊन येते. तिला आजवर कुनी काय इचारलंच न्हाई."