अर्धाच समुद्र

आमच्या बाबांना गोराईला जायचं असलं की ते भाईंदरवरून जातात. कांदिवलीत राहणारा कुठलाही शहाणा माणूस बोरिवलीच्या जेट्टीवरून होडीत बसतो आणि बघता बघता पलीकडे उतरतो. बाबा मात्र रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत अख्ख्या खाडीला वळसा घालतात. कारण विचारलं तर म्हणतात, "आपण दर्यावर्दी माणसं. खाडीतल्या होडीत काय बसायचं?"

खरं कारण म्हणजे बाबा पाण्याला घाबरतात. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त माझ्या दहा वर्षांच्या लेकीला नव्हतं. तिला त्यांनी भलतंच भरवून ठेवलं होतं. आपल्या खापरपणजोबांनी म्हणे मराठ्यांच्या आरमारात, खुद्द सरखेलांच्या हाताखाली तोफा डागल्या, इंग्रजांची जहाजं लुटली. पुरावा शून्य. आमचं गाव पार सह्याद्रीच्या पायथ्याशी, तिथून समुद्र दिसतही नाही. पण नात तोंड उघडं टाकून ऐकायची आणि बाबा फुगायचे. या गोष्टी ऐकून घेणारी तेवढी एकच उरली होती. तिच्या नजरेतून उतरायची बाबांना पाण्याहून जास्त भीती होती.

गेल्या डिसेंबरात तिने जाहीर केलं, "आजोबा, आपण खांदेरीला जायचं. चाच्यांच्या किल्ल्यावर."

"चाचे नाही गं, आरमार! चाचे आपल्याला इंग्रज म्हणायचे. मार खाल्ला ना, म्हणून."

"जहाजं लुटायचे ना? मग चाचेच." आणि तिने डोळ्यावर बांधायला काळ्या कापडाची पट्टी शिवून मागितली. आईने ती हसत हसत शिवून दिली. मी लगेच गाडी ठरवली. अशी मजा कोण सोडणार?

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मोठ्या बोटीने अलिबागकडे जाऊ म्हटलं, तर बाबांना पेणचे पापड घ्यायचे होते. गेलो रस्त्याने. पण थळच्या किनाऱ्यावर रस्ता संपला. समोर पाणी, पाण्यात खांदेरीचं बेट, अलीकडे मच्छीमारांची होडी, आणि होडीत एक डोळा झाकून उभी नात. "आजोबा, या ना!"

बाबा चढले. चढले म्हणजे, मी मागून ढकललं आणि आईने पुढून ओढलं. मग मांडी घालून त्यांनी डोळे मिटले.

"आजोबा काय करतायत?"

"पूर्वजांना आठवतायत," मी म्हटलं. बाबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे असं पाहिलं की तोफ असती तर तिथेच डागली असती. अर्ध्या वाटेत त्यांनी होडीच्या कडेवरून सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले. लेक पट्टी वर सरकवून दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला जरा खटकलं.

बेटावर तटबंदी पाहिली, तोफा पाहिल्या, ठोकला की भांड्यासारखा वाजणारा दगड वाजवला. मग वेताळाच्या देवळात आलो. नारळ ठेवला. आता गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे देवाला जे सांगायचं ते मोठ्याने सांगतात, आणि प्रत्येक वाक्याला हजर असलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. तिथे कोणी गप्प राहत नाही. गाऱ्हाणं घालण्यात बाबांचा हात आमच्या सोसायटीत कोणी धरत नाही. पण ओकून ओकून त्यांच्या घशातून आवाजच फुटेना.

तेव्हा आईने पदर खोचला. "बा वेताळा म्हाराजा! ह्यो माझो घोव गोरायक जाताना होडयेत पाय ठेवणा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि लेक ओरडलो. बाबांचा चेहरा पांढराफटक.

"पाण्याक घाबारता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी फक्त मीच. लेक आजोबांकडे वळून बघत होती.

"तरी आज नातीसाठी होडयेत बसलो, म्हाराजा! काय चुकला-माकला आसात, खोटा बोल्लो आसात, तर माफ कर, आणि इलो तसो सुखरूप घराक ने, म्हाराजा!"

सगळे बाबांकडे बघू लागलो. मलाही आता हसू येत नव्हतं. आई बाबांच्या 'व्हय म्हाराजा'ची वाट पाहत उभी होती. देवासमोरचं गाऱ्हाणं असं अर्धवट सोडता येत नाही, हे बाबांइतकं कोणाला माहीत असणार? शेवटी बसलेल्या घशातून, खाली बघत, ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

लेक होडीपर्यंत पुढे पुढे चालली. बाबा तिच्या मागे, मान खाली घालून. होडीशी आल्यावर तिने स्वतःच्या डोळ्यावरची पट्टी सोडली.

"आजोबा, खाली वाका."

ते वाकले. तिने ती पट्टी त्यांच्या डोळ्यावर बांधली आणि मागे गाठ मारली.

"आता अर्धाच समुद्र दिसेल," ती म्हणाली. "उरलेल्या अर्ध्याकडे मी बघते."

इतके दिवस 'आपण चाचे नव्हतो' म्हणून भांडणारे बाबा एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून, कोणी न ढकलता, होडीत चढले.